खाडीचें घड्याळ

युरोपांत ऱ्हाइन नदीवर बोटींतून सहली निघतात, हें आपण जाणतांच. आपल्या शहरांतील कांहीं कुटुंबें तेथें जाऊनही आलीं असतील. २०१८ सालच्या ऑक्टोबरांत काउब या गांवच्या मापपट्टीवर त्या नदीचें पाणी अवघें २५ सेंटिमीटर उरलें. पट्टीवरचा आंकडा म्हणजे पात्राची खोली नव्हे, ती त्याहून अधिक असते. तरीहि बोटी अडल्या आणि नदी पाहावयास गेलेल्या कित्येकांना मोटारींत बसून कांठ पाहावा लागला. उलट पूर आला म्हणजे बोट पुलाखालून जात नाहीं. तेथील पाणी पाऊस व आल्प्सचें बर्फ यांच्या स्वाधीन. सहलीच्या तारखा वर्षभर आधीं छापतात. पाण्याची हमी मात्र कोणी देऊं शकत नाहीं.

आमच्या गोराईच्या खाडीची तऱ्हा निराळी. पाणी दिवसांतून दोनदां चढतें व दोनदां उतरतें, पण केव्हां, हें आधीं सांगतां येतें. माझे आजोबा निरक्षर होते, तरी त्यांस पाऊणकी तोंडपाठ. माझ्या मॅट्रिकच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीं ते म्हणाले, "बाळा, उद्यां चवथ. चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हणजे सकाळीं नवाला खाडी आटलेली. तूं सहालाच नीघ." मी उजाडतांच बोरिवलीकडे उतरलों. माझे दोन सोबती नवाच्या सुमारास निघाले; चपला हातांत धरून, गुडघाभर चिखल तुडवीत ते कसेबसे पलीकडे पोंचले आणि तशाच पायांनीं पेपरास बसले. पंचांगाचा असा उपयोग आमच्या गणिताच्या पुस्तकांत नव्हता. पुढें मीं शिक्षक झाल्यावर तो मुलांना आवर्जून शिकविला.

हा हिशेब सोपा आहे. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येतो, आणि भरती त्याच्यामागून. तिथीची पाऊणपट केली कीं दर दिवसाचीं ४५ मिनिटें धरलीं जातात, व पंधरा तिथींचे सव्वाअकरा तास होतात. म्हणूनच पुनवेस आणि अवसेस, दोन्ही दिवशीं, भरती दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास. हा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्याचा. दूरच्या बंदरांस तो जसाच्या तसा लागू करूं नये. अवसपुनवेच्या आगेंमागें उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. अपोलो बंदरावरील भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आजोबांच्या पाऊणकीहून त्यांचें गणित पुष्कळ सूक्ष्म; पण होडींत पाय टाकावयास पाऊणकी पुरत असे.

पुढें कोंकणच्या किनाऱ्यावर आगबोटी आल्या आणि त्यांजबरोबर घड्याळाचें वेळापत्रक आलें. तरी दोन्ही घड्याळें शेजारीं शेजारीं चालत. आगबोट दाभोळास आपल्या वेळीं येई; पण तेथून वाशिष्ठींतून गोवळकोटाकडे, म्हणजे चिपळुणास, जाणें भरतीच्या हातीं. आणि पावसाळ्यांत कोंकणच्या आगबोटी बंदच. नारळी पुनव होईपर्यंत कोळी होडी पाण्यांत लोटीत नसे, तो नेम कंपन्यांनींहि ढोबळ मानानें पाळला.

अपवाद मुंबई बंदरासमोरच्या जवळच्या फेऱ्यांचा. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अवस लागत होती. सणासाठीं घरीं जाणारे पुष्कळ होते. भरतीची वेळ पंचांगांत सांपडते, वाऱ्याची सांपडत नाहीं. काशाच्या खडकाजवळ वादळानें गांठलें, प्रवासी भीतीनें एका अंगास धांवले व बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, त्यामुळें मुंबईस वार्ता पोंचावयास कित्येक तास लागले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनीं ती समुद्रांत ओतून दिली आणि होड्यांत मावतील तेवढीं माणसें उचलून घेतलीं.