शादलूला सोडणं चुकलं का, आणि तिसऱ्या चढाईला कुणाला पाठवायचं? पुणेरी पलटणवरच्या वादांचा हिशेब

प्रो कबड्डी सुरू झाली की शिरूर-दौंडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन भांडणं ठरलेली असतात. पहिलं, ‘करो या मरो’ला भलत्याच पोराला का पाठवलं? दुसरं, शादलूला सोडलंच कशाला? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण उत्तरं बहुतेक वेळा शेवटच्या गुणफलकाकडे बघून दिली जातात.

तिसरी चढाई

चढाई ३० सेकंदांची. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरी ‘करो या मरो’ होते. तीत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद आणि समोरच्याला एक गुण. गावाकडच्या स्पर्धांत हिलाच ‘तिसरी चढाई’ म्हणतात.

म्हणजे पहिल्या दोन रिकाम्या चढायांना थेट शिक्षा नाही. पुढे असलेला संघ त्या मुद्दाम रिकाम्या घालवतो, कारण धोका न पत्करता मिनिटभर खर्ची पडतं. टीव्हीसमोर बसलेल्याला हा भित्रेपणा वाटतो. सामना ४० मिनिटांचा आहे आणि एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीसेक चढाया येतात, हे धरलं तर तो सरळ हिशेब आहे.

तिसऱ्या चढाईत मात्र बचाव करणाऱ्यांना माहीत असतं की हा गडी हात हलवत परत जाऊ शकत नाही. ते आत ओढतात आणि कोपरे दबा धरून बसतात. अशा वेळी मुख्य चढाईपटू गेला आणि पकडला गेला, तर त्याला परत आणायला सहकाऱ्यांना समोरचा एखादा बाद करावा लागतो. तोवर तो बाकावर. म्हणून बरेच प्रशिक्षक तिसऱ्या चढाईला दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू पाठवतात. तो पोरगा पकडला गेला की ग्रुपवर प्रशिक्षकाची पूजा बांधली जाते, पण तो बाद झाल्यामुळे मुख्य चढाईपटू मैदानावर राहिला, हे कुणी मोजत नाही.

गुण आणि माणूस

कबड्डीतला सगळ्यात दुर्लक्षित नियम हा: बोनसने गुण मिळतो, बाद खेळाडू परत येत नाही. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस मिळतो. तुमचे तिघे बाहेर असताना चढाईपटू बोनस घेऊन आला तर फलकावर एक वाढतो, मैदानावर तुम्ही चारच राहता. तेव्हा स्पर्शाचा गुण जास्त मोलाचा. उलट सातही जण मैदानात असतील तर बोनस म्हणजे फुकटचा गुण, आणि तो न घेणाऱ्यावर चिडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

समोर तीन किंवा कमी जण उरले की गणित आणखी बदलतं. आता पकड झाली तर त्यांना दोन गुण. एकाला स्पर्श केला तर तुम्हाला एक. फक्त फलक बघितला तर तीनपैकी दोन वेळा यश मिळालं तरच बरोबरी होते. एरवी दोनात एक पुरतं. मग तरी संघ का घुसतात? कारण लोण चढला की दोन जादा गुण मिळतात. मात्र लोण चढला की समोरचे सातही जण परत मैदानात येतात, म्हणून आघाडीवरचा संघ कधी कधी लोणची घाई करत नाही. ‘तिघे होते तरी गेला नाही’ असं म्हणण्याआधी आघाडी किती होती आणि घड्याळ काय सांगत होतं, ते बघा.

शादलूचं प्रकरण

दहाव्या हंगामासाठी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. परदेशी खेळाडूसाठी तोवरची ती सर्वात मोठी बोली. संघाच्या खर्चाची मर्यादा ५ कोटी, म्हणजे ४७ टक्के रक्कम एका डाव्या कोपऱ्यात गेली. हे परवडलं, कारण अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे हे युवा म्हणून आलेले आणि संघाने टिकवलेले खेळाडू होते. अस्लम तर शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला. शिरूरला घोड नदी ओलांडली की तो जिल्हा लागतो.

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. शादलू हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, अस्लम सर्वात मौल्यवान खेळाडू.

पुढच्या लिलावात शादलू २ कोटी ७ लाखांना त्याच हरियाणाकडे गेला. अकराव्या हंगामात पलटण पहिल्या सहांत आली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, म्हणजे पलटणच्या घरात, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून चषक उचलला. त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू शादलूच. इथल्या चाहत्यांना हे झोंबणारच.

पण ‘शादलू गेला म्हणून हरलो’ या वाक्यात एक गोष्ट गाळली जाते. त्याच हंगामात कर्णधार अस्लमला गुडघ्याची दुखापत झाली आणि तो बाहेर गेला. चढाईतला मुख्य माणूस आणि बचावातला मुख्य माणूस एकाच वर्षी गेल्यावर पराभव कुणाच्या नावावर टाकायचा? माझ्या मते सोडण्याचा निर्णय पैशाच्या हिशेबात चुकीचा नव्हता. फसगत झाली ती पुढे होऊन पकड करणारा तसा दुसरा कोपरा बाजारात सहज मिळत नाही, याची.

बाराव्या हंगामाने दोन्ही बाजूंना गप्प केलं. शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठांतही नव्हता. त्याच्याशिवाय, अजय ठाकूरच्या प्रशिक्षणाखाली, पलटण साखळीत अव्वल आली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामना झाला आणि दबंग दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला.

यात्रेतल्या वजनी गटाच्या स्पर्धांत हाच वाद लहान प्रमाणात चालतो: बक्षिसासाठी बाहेरचा गडी आणायचा की तालमीतलाच पोरगा उतरवायचा. तिथे लिलाव नसतो, पण वर्गणी देणाऱ्यांचं मत असतंच.