चांदीवरील ठसे
चांदीच्या वस्तूवर ती घडविणारा, विकणारी पेढी किंवा शुद्धता तपासणारी संस्था यांनी उमटविलेली खूण. इंग्लंडमध्ये 1300 च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली. तेथील चालत्या सिंहाचा ठसा 92.5 टक्के शुद्धता दाखवितो. ब्रिटिश अमलातील भारतात अशी सरकारी तपासणी नव्हती. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांची नावे भांड्यांवर आढळतात. ती पेढीची हमी, कारागिराची सही नव्हे. भुजच्या उमरसी मावजींचा ‘ओ. एम.’ हा ठसा मात्र घडविणाऱ्याचाच.

वाशीम जिल्ह्यात, पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर, बंजारा स्त्रियांच्या घुगरी-टोपलीसारख्या दागिन्यांवर सहसा ठसा नसतो. भरवसा ओळखीच्या सोनारावर. रुपयांना कडी डाखून केलेल्या माळेत नाणे हाच सरकारी शिक्का ठरतो : वजन 11.66 ग्रॅम, चांदी सुमारे 91.7 टक्के. 1940 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांवर आले. नाण्यावरील सालाला फार भुलू नये. 1862 चे साल असलेला व्हिक्टोरिया रुपया 1874 पर्यंत पाडला जात होता. शिवाय माळ त्यानंतर कधीही ओवलेली असू शकते.

भारतीय मानक ब्यूरोची चांदीसाठीची हॉलमार्क योजना 2005 पासूनची, आणि ऐच्छिक. नुसता ‘925’ आकडा कोणीही ठोकू शकतो. त्यासोबत ब्यूरोचे चिन्ह हवे. वारंवार उजळल्याने ठसा झिजतो, तेव्हा जुना दागिना सोनाराकडे देण्याआधी ठशाचे छायाचित्र काढून ठेवावे.