वीज जमिनीत मुरत नाही

आकाशातून कोसळते तीही वीज आणि तारेतून घरात येते तीही वीज. इंग्रजीने या दोहोंना वेगवेगळी नावे दिली. मराठीने एकाच शब्दावर भागवले. भाषेची ही काटकसर सुंदर आहे, पण तिची एक किंमत आमच्या भागात मोजली जाते. आकाशातली वीज झाडावर पडते आणि जमिनीत जाते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. त्यामुळे तारेतली वीजही जमिनीत जाते आणि पावसाच्या पाण्यासारखी तिथेच मुरते, अशी समजूत सहज तयार झाली. गोंदिया जिल्ह्यात गावोगावच्या वायरमनांशी आणि शेतकऱ्यांशी बोलताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की त्याचा इतिहास शोधावा असे वाटू लागले. माझे शिक्षण विज्ञानाचे नाही. आयटीआयची वायरमनची पुस्तके आणि तारायंत्राच्या इतिहासावरचे ग्रंथ एवढ्याच शिदोरीवर हा शोध घेतला.

सुरुवात शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून करू. एक सेल, एक दिवा, एक कळ आणि दोन तारा. कळ दाबली की दिवा लागतो, कारण वाट पूर्ण होते. या पूर्ण वाटेला परिपथ म्हणतात. सेलच्या एका टोकातून जेवढी विद्युतधारा निघते, तेवढीच दुसऱ्या टोकाला परत येते. दिवा धारा खात नाही. धारेबरोबर येणारी ऊर्जा तो प्रकाशात आणि उष्णतेत बदलतो. व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युतघटमाला जगापुढे मांडली, तेव्हा अशी अखंड वाहणारी धारा माणसाच्या हाती आली. १८२७ मध्ये ओहमने तिचा हिशेब सांगितला : दाबाला वाटेतल्या रोधाने भागले की धारा मिळते. २३० व्होल्टला ६० वॅटचा बल्ब जळतो तेव्हा त्याचा रोध सुमारे ८८० ओहम असतो आणि त्यातून ०.२६ अँपिअर धारा जाते. ही वाट कुठेही तुटली तर धारा थांबते.

चित्रात दोन तारा आहेत. आमच्या बांध्यांत मात्र पुष्कळदा एकच तार दिसते. दुसरी तार म्हणजे जमीन.

जमिनीला तार मानण्याची कल्पना खेड्यातल्या कुणा चतुर माणसाची नाही. १७४७ मध्ये विल्यम वॉटसन याने लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून तार नेली आणि परतीची वाट म्हणून थेम्स नदीचे पाणी वापरले; विजेचा धक्का नदी ओलांडून परत आला. १८३८ मध्ये जर्मनीत श्टाइनहाइल हा शास्त्रज्ञ तारायंत्रासाठी रेल्वेचे रूळ तारेसारखे वापरता येतील का, हे पाहत होता. रुळांतून धारा जमिनीत गळू लागली. प्रयोग फसला, पण जमीनच परतीची तार होऊ शकते हे त्यातून कळले. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे पुरले की निम्मी तार वाचत होती. शेकडो मैलांच्या कामात ही बचत केवढी मोठी! पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, कलकत्त्यातले डॉक्टर आणि रसायनशास्त्राचे अध्यापक विल्यम ओशॉनसी यांनी भारतात तारायंत्राचे प्रयोग केले आणि हुगळी नदीचे पाणी परिपथाचा भाग म्हणून वापरून पाहिले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली आणि काही वर्षांतच कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले गेले.

आमच्या भागात १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग घेतला, रुंद केला आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल अशी सलग वाट झाली. रेल्वे आली तिथे तारही आली. टक् टक् करत संदेश नेणारी धारा तारेतून जायची आणि जमिनीतून परतायची. हे एवढे निर्धोकपणे चालले, कारण तारायंत्राची धारा फार थोडी असे, अँपिअरचा हजारावा भाग किंवा त्याच्या काही पटी. लांबच लांब तारेचाच रोध मोठा, त्यापुढे जमिनीचा रोध नगण्य. २०१३च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, तोवर जमिनीला परतीची तार मानण्याची रीत खांबांवरून खेड्यांत पोचून मुरली होती.

घरगुती विजेत हिशेब बदलतो. गावाबाहेरच्या डीपीत ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून घरापुरता केला जातो. तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात, आणि न्यूट्रल डीपीजवळ जमिनीत पुरलेला असतो. हे सुरक्षिततेसाठी आहे : वरचा मोठा दाब चुकून खालच्या तारांत उतरला तर तो जमिनीकडे वळावा आणि फ्यूज जळावा. पण याच जोडणीमुळे गावातली सगळी जमीन डीपीच्या एका टोकाला बांधली जाते. फेजला हात लावून ओल्या मातीत उभा राहिलेला माणूस दोन टोकांच्या मधोमध उभा असतो. धारा त्याच्यातून मातीत जाते, मातीतून डीपीच्या खुंटीपर्यंत परतते. मुरत कुठेच नाही.

आता आकड्याचा विचार करू. खांबावरच्या फेजवर तारेचा आकडा टाकायचा, बल्बचे एक टोक त्याला आणि दुसरे जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायचे. दिवा लागतो. ओल्या बांधीत सळईचा रोध १०० ओहम धरला, तर एकूण रोध ९८० ओहमच्या आसपास होतो आणि बल्बला २०६ व्होल्ट मिळतात. उजेड थोडा कमी, पण काम भागते. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, रोध वाढतो, दिवा मिणमिणतो. मग सळईपाशी पाणी ओततात. हे करणाऱ्याला ओहमचे नाव ठाऊक नसते, नियम मात्र त्याला हातानेच कळलेला असतो.

जे कळलेले नसते ते प्राण घेते. सळईच्या तारेत करंट नसतो, ती नुसती जमिनीची आहे, असे सर्रास मानले जाते. दिवा चालू असताना कुणी ती सळई उपटली, तर मातीची वाट तुटते आणि त्या जागी माणसाचे अंग येते. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरतात. बल्बचे ८८० त्यात मिळवा. २३० व्होल्टला भागा. धारा आली ०.१२ अँपिअर. ०.०३ अँपिअरच्या पुढे हृदयाचा ताल बिघडण्याचा धोका सुरू होतो. बल्ब मधे आहे म्हणून जीव वाचत नाही.

दुसरा गैरसमज फ्यूजचा. फेजची तार तुटून धुऱ्यावर पडली, तर डीपीचा फ्यूज जळेल आणि तार मेलेली असेल, अशी आशा असते. १०० ओहमच्या मातीतून २.३ अँपिअरच धारा जाते. ६३ केव्हीएची डीपी प्रत्येक फेजवर सुमारे ८४ अँपिअर द्यायला बनवलेली असते. तिच्या फ्यूजला २.३ अँपिअरची दखलही नसते. त्यात जाड तार गुंडाळलेली असली तर विचारायलाच नको. तार रात्रभर जिवंत पडून राहते. तिच्याभोवतीच्या मातीत दाब पसरतो, जवळ जास्त, दूर कमी. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दूर असतात, म्हणून त्याच्या अंगावर दाबाचा फरक मोठा येतो आणि माणसाआधी तो पडतो. रोवणीच्या दिवसांत नडगीभर पाण्यात ओळीने वाकलेल्या बायांना हे कुणी सांगितलेले नसते. तुटलेल्या तारेपासून लांब थांबावे, डीपी बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बांधीत उतरू नये. पाय अडकलाच तर दोन्ही पाय जुळवून, न उचलता सरकत बाहेर यावे.

रानडुकरांसाठी धुऱ्यावर लावलेली जिवंत तार याच अज्ञानाचा सगळ्यात क्रूर भाग आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आमची भातशेती आहे आणि एका रात्रीत कळप सगळे धान तुडवतो. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण २३० व्होल्टची तार डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी पाहायला गेलेला मालक यांच्यात फरक करत नाही.

आता गंमत पाहा. ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते सौर कुंपणही एकच तार आणि जमीन यांवरच चालते. मशीनचे एक टोक कुंपणाला, दुसरे जमिनीतल्या सळईला. जनावर तारेला लागले की परिपथ त्याच्या अंगातून पूर्ण होतो. दाब हजारो व्होल्टचा, पण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि साधारण सेकंदाला एकदा येतो. जनावर घाबरून मागे फिरते, मरत नाही. परिपथ तोच आहे. फरक किती धारा आणि किती वेळ, एवढाच. न्यूझीलंडमध्ये १९२५च्या सुमारास एका तारेवर आणि जमिनीच्या परतीवर दूरच्या वस्त्यांना वीज देण्याची रीत लॉइड मँडेनो यांनी बसवली. तिथे दाब मोठा, धारा लहान आणि जमिनीतल्या खुंट्या हिशेबाने पुरलेल्या. म्हणजे जमीन ही दुसरी तार म्हणून वाईट नाही. हिशेब न करता वापरली तर ती मारते.

याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे आणि त्याची वीज ७६५ किलोव्होल्टच्या तारांवरून राज्यभर जाते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, रात्रभर नाटके होतील, आणि काही मंडपांचे दिवे आकड्यावरच लागतील. एवढी वीज असलेल्या जिल्ह्यात विजेची समज मात्र वाटली गेली नाही. माझी सूचना साधी आहे. शाळेच्या पुस्तकातल्या सेल आणि दिव्याच्या चित्राशेजारी दुसरे चित्र हवे : डीपी, खांब, बांधीत उभी बाई, तिच्या पायाखालची माती, आणि मातीतून डीपीच्या खुंटीकडे परत जाणारा एक बाण. तो बाण नीट समजलेला मुलगा चालू दिव्याची सळई उपटणार नाही, आणि आपल्या बापालाही धुऱ्यावर जिवंत तार लावू देणार नाही.