सेंट्रेलिया

सेंट्रेलिया : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कोलंबिया परगण्यात असलेले, एके काळी दगडी कोळशाच्या खाणींवर जगणारे छोटे नगर. लोकसंख्या २,७६१ (१८९०), ५ (२०२०). माउंट कार्मेल व अ‍ॅशलंड या गावांच्या शेजारी, राज्याच्या ईशान्य भागातील अँथ्रासाइट पट्ट्यात ते वसले आहे. अँथ्रासाइट हा सर्वांत कठीण व कार्बनचे प्रमाण सर्वाधिक असलेला दगडी कोळसा. तो धूर कमी व उष्णता जास्त देतो. पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की विझवणे अवघड असते. गावाखालच्या थरांना १९६२ मध्ये लागलेली आग अजून धुमसते आहे. तिच्यामुळे १९८० नंतर जवळजवळ सगळे गाव हलवण्यात आले.

इतिहास : मूळ अमेरिकन जमातींकडून १७४९ मध्ये विकत घेतलेल्या प्रदेशात हे गाव येते. येथे कोळसा असल्याचे कळल्यावर फिलाडेल्फियाचे धनिक स्टीफन जिरार्ड यांनी १८३० मध्ये इथली जमीन खरेदी केली. १८४२ मध्ये ती लोकस्ट माउंटन कोल अँड आयर्न कंपनीकडे गेली. कंपनीचे खाण अभियंता अलेक्झांडर रे यांनी कुटुंबासह येथे मुक्काम हलवला आणि रस्ते व घरांचे भूखंड आखून गाव वसवले. आरंभीचे नाव सेंटरव्हिल होते. पण शेजारच्या परगण्यात त्याच नावाचे गाव असल्याने टपालाच्या सोयीसाठी १८६५ मध्ये ते सेंट्रेलिया करण्यात आले. १८५४ मध्ये रेल्वे आली आणि १८५६ मध्ये लोकस्ट रन व कोल रिज या पहिल्या खाणी सुरू झाल्या. १८६६ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला.

पहिल्या पिढीतील खाणकामगारांत आयरिश स्थलांतरितांचा भरणा होता. पुढे युक्रेनियन व इतर पूर्व युरोपीय कुटुंबे आली. मालक व कामगार यांच्यातील तेढ या पट्ट्यात तीव्र होती. १७ ऑक्टोबर १८६८ रोजी माउंट कार्मेलच्या रस्त्यावर रे यांचा खून झाला. त्या गुन्ह्याबद्दल तिघांना १८७८ मध्ये ब्लूम्सबर्ग येथे फाशी देण्यात आली. हा खून ‘मॉली मॅग्वायर’ या गुप्त संघटनेने घडवला असे मानले जाते. पण त्या संघटनेवरील आरोपांबाबत इतिहासकारांत एकमत नाही. भरभराटीच्या काळात गावात ७ चर्च, ५ हॉटेले, २७ दारूगुत्ते, २ नाट्यगृहे, एक बँक व १४ किराणा दुकाने होती.

१९२९ च्या मंदीनंतर लीहाय व्हॅली कोल कंपनीने येथील पाच खाणी बंद केल्या. बेकार झालेले कामगार बंद खाणींत चोरून उतरू लागले आणि छत तोलण्यासाठी राखलेले कोळशाचे खांबही फोडू लागले. त्यामुळे जुने बोगदे ढासळले. पुढे आग अडवण्याच्या प्रयत्नांत या ढासळलेल्या बोगद्यांनी मोठा अडथळा आणला. १९५० मध्ये गावाखालच्या खनिजांचे हक्क नगर परिषदेने मिळवले. १९६० च्या दशकात बहुतेक खाणकाम थांबले आणि १९६६ मध्ये रेल्वेही बंद झाली.

भूमिगत आग : ऑड फेलोज दफनभूमीजवळच्या एका सोडून दिलेल्या उघड्या खाणीच्या खड्ड्यात गावाचा कचरा टाकला जाई. मे १९६२ मध्ये, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या राष्ट्रीय स्मृतिदिनापूर्वीच्या साफसफाईसाठी, हा कचरा पेटवण्यात आला. वरची आग विझवली गेली, पण खड्ड्याच्या भिंतीतील न बुजवलेल्या भोकातून ती कोळशाच्या थरात शिरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आगीच्या उगमाची इतर कारणेही सांगितली जातात. खोदून आग वेगळी काढणे, तसेच भोके पाडून पाण्यासोबत दगडांचा चुरा व राख आत सोडणे, असे उपाय पुढील वर्षांत झाले. प्रत्येक वेळी निधी तोकडा पडला, आणि काम थांबले की आग पुढे सरकली.

१९७९ मध्ये एका पेट्रोलपंपाच्या जमिनीखालील टाकीतील इंधनाचे तापमान सुमारे ७८° से. भरले. अनेक घरांत कार्बन मोनॉक्साइड शिरू लागला. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी एका बारा वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीन खचली. झाडाच्या मुळाला धरून राहिलेल्या त्या मुलाला त्याच्या चुलतभावाने ओढून बाहेर काढले. ते भगदाड सुमारे ४५ मी. खोल होते. आग पूर्ण खणून काढण्याचा खर्च ६६ कोटी डॉलरपर्यंत जाईल, असा अंदाज १९८३ च्या अभ्यासात आला. त्याच वर्षीच्या मतदानात ३४५ जणांनी स्थलांतराच्या बाजूने, तर २०० जणांनी विरोधात कौल दिला. गावाच्या एका भागात विषारी वायू होता, दुसऱ्या भागात त्याचा मागमूस नव्हता. त्यामुळे शेजारी शेजाऱ्याच्या विरोधात गेले.

स्थलांतर : १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने यासाठी ४.२ कोटी डॉलर मंजूर केले. हजाराहून अधिक लोक बाहेर पडले आणि सुमारे ५०० इमारती पाडण्यात आल्या. १९९२ मध्ये राज्यपाल बॉब केसी यांच्या सरकारने उरलेल्या मालमत्ता सक्तीच्या भूसंपादनाखाली आणल्या. जमिनीखालच्या कोळशासाठीच आपल्याला हुसकावले जात आहे, असा मागे राहिलेल्यांचा आरोप होता. २००२ मध्ये गावाचा टपाल-क्रमांक रद्द झाला. अखेर २०१३ मध्ये न्यायालयीन तडजोड होऊन उरलेल्या रहिवाशांना हयात असेपर्यंत आपल्या घरांत राहण्याचा हक्क मिळाला.

लोकसंख्या : जनगणनेचे आकडे असे : १,३४२ (१८७०), २,७६१ (१८९०), २,४४९ (१९४०), १,४३५ (१९६०), १,१६५ (१९७०), सुमारे १,००० (१९८०), ६३ (१९९०), २१ (२०००), १० (२०१०), ५ (२०२०). ‘आगीने गाव उठवले’ एवढ्यावरच सहसा थांबले जाते. हे आकडे त्याहून अधिक सांगतात. १९४० ते १९६० या वीस वर्षांत, आग लागण्यापूर्वीच, हजारावर माणसे गाव सोडून गेली. ती खाणींतील काम संपल्यामुळे. आग पेटल्यानंतरच्या पहिल्या अठरा वर्षांत मात्र घट चारशेच्या आसपासच राहिली. घरे स्वतःची होती, आप्त शेजारी होते, म्हणून लोक धुराच्या सोबतीनेही राहत होते. गाव रिकामे झाले ते १९८० नंतरच्या दशकात. त्याआधीची वीस वर्षे आग पसरू दिली गेली होती, आणि ती विझवण्यापेक्षा माणसे हलवणे स्वस्त ठरले होते. सेंट्रेलियाचा शेवट निसर्गाने केला नाही. वेळेवर न झालेल्या कामाची किंमत रहिवाशांनी घर देऊन चुकवली.

सद्यःस्थिती : आखीव रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना आता झाडी आहे. महामार्ग क्र. ६१ चा तडे गेलेला सुमारे सव्वा किलोमीटरचा तुकडा वाहतुकीला बंद झाल्यावर रंगीत चित्रांमुळे पर्यटकांत प्रसिद्ध झाला. एप्रिल २०२० मध्ये तो मातीखाली बुजवण्यात आला. टेकडीवरचे १९११ मधील युक्रेनियन कॅथलिक चर्च टिकले, कारण त्याच्या पायाखाली कोळसा नसून खडक आहे. तेथे आजही प्रार्थना होते व दूरवर विखुरलेले जुने गावकरी तिला येतात. गावच्या दफनभूमींची निगा राखली जाते आणि बाहेर गेलेल्यांपैकी काहींचे दफन आपल्या माणसांशेजारी इथेच होते. जनगणनेत ही माणसे मोजली जात नाहीत. पण आपले गाव कोणते, हे त्यांनी ठरवलेले आहे.