तात्पुरतं शहर

परवा शनिवारी सकाळी बदलापूरहून लोकल पकडली आणि उल्हासनगरला उतरलो. कारण अगदी साधं. लग्न ठरलंय, बदलापूरचं घर भाड्याचं आहे, आणि बजेटमध्ये बसणारा एक वन-बीएचके दलालाने कॅम्प नंबर 4 मध्ये शोधून ठेवला होता. बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षं जुनी. किंमत इतकी कमी की संशय यावा. "कागदपत्रं?" असं विचारल्यावर दलाल गोड हसला. "टेन्शन मत लो, रेग्युलराइज हो जाएगा."

'हो जाएगा' म्हणजे 'अजून झालेलं नाही', एवढं आम्हाला कळतं (आम्हीही क्लायंटला रोज हेच सांगतो!). पण मग प्रश्न पडला, की अख्खं शहरच असं 'हो जाएगा'वर कसं काय उभं राहिलं? घरी येऊन वाचायला बसलो आणि रविवार त्यातच गेला.

उल्हासनगरचा कुठलाही जुना पत्ता बघा. कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बराक नंबर. गल्लीचं, आळीचं नाव नाही, नुसते आकडे. कारण हे गाव वसलेलं नाही, आखलेलं आहे. आणि आखलं ते लष्कराने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ एक ट्रान्झिट कॅम्प उभारला. 6 हजार सैनिक आणि आणखी 30 हजार माणसं राहू शकतील अशा 2,126 बराकी. ट्रान्झिट कॅम्प म्हणजे काय, तर सैनिक येणार, थोडे दिवस थांबणार आणि पुढे जाणार. इथे कायमचं राहणारं कुणीच या प्लॅनमध्ये नव्हतं.

युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. मग 1947 आलं. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, सिंधचे झाले नाहीत. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना 'आपला अर्धा प्रांत' असा उरलाच नाही. कराचीहून बोटी भरभरून लोक मुंबईला आले आणि सरकारने त्यातल्या लाखभर लोकांना या रिकाम्या कॅम्पांत आणून ठेवलं. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये पोत्यांचे पडदे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून कॅम्पाचं उल्हासनगर झालं.

इथे मला चंदीगड आठवतं. तेही फाळणीचंच अपत्य. लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. त्या शहराला शिवालिकच्या पायथ्याची जागा मिळाली आणि ल कॉर्बूझिए मिळाला. उल्हासनगरला मिळाल्या वापरून झालेल्या बराकी. गंमत बघा, चंदीगडचं मध्यवर्ती ठिकाण सेक्टर 17, आणि आमच्याकडे कॅम्प 3 चा गजबजलेला भाग सेक्शन 17! आकडा तोच, नशीब वेगळं.

आणि तरीही शहर उभं राहिलं. फर्निचर, कपडा, पुढे जीन्स. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक आपण सगळ्यांनीच मारलाय. पण ज्यांचं घर, दुकान, जमीन सगळं कराची-हैदराबादेत राहिलं, त्यांनी एका पिढीत बाजारपेठ उभी केली, हे त्या जोकमध्ये येत नाही. पाठोपाठ मराठी आले, उत्तरेकडचे आले. शहराची हद्द मात्र तेरा-चौदा चौरस किलोमीटरचीच राहिली. 2011 च्या जनगणनेत तिथे 5,06,098 माणसं होती. बाजूला जागा नाही म्हटल्यावर लोक वर गेले. बैठ्या बराकींवर मजले चढले, परवानगीने आणि परवानगीशिवाय.

मग 855 बेकायदा इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि त्या पाडायचा आदेश निघाला. पण त्यात राहणारे जाणार कुठे? अखेर 2006 मध्ये सरकारने खास या एका शहरासाठी बांधकामं नियमित करायचा कायदा केला. 'हो जाएगा' आलं ते इथून. पण कायद्याने कागद नियमित होतो, सिमेंट नाही. 28 मे 2021 ला इथल्या एका पाच मजली इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळले. 7 माणसं गेली. ती इमारत नव्वदच्या दशकातली होती. मी बघितलेल्या बिल्डिंगच्याच वयाची.

आमच्या धंद्यात म्हणतात, टेम्पररी फिक्ससारखं पर्मनंट काही नसतं. रात्री दोन वाजता 'उद्या नीट करू' म्हणून टाकलेला पॅच दहा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो. त्याच युद्धात जवळच नेवाळीला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जून 2017 मध्ये तिथे मोठं आंदोलन पेटलं. युद्ध संपून बहात्तर वर्षं झाली होती!

2001 ते 2011 मध्ये उल्हासनगरची लोकसंख्या जेमतेम 7 टक्क्यांनी वाढली. अंबरनाथची साधारण 24 टक्क्यांनी. आणि बदलापूरची? सुमारे 98 हजारांवरून 1,74,226, म्हणजे जवळजवळ 78 टक्के. उल्हासनगर भरलं, आता पुढच्या दोन स्टेशनांची पाळी आहे. अंबरनाथमध्ये 1060 सालचं शिवमंदिर अजून उभं आहे. ते कायमचं म्हणूनच बांधलेलं होतं. आम्ही राहतो त्या इमारती किती वर्षांच्या हिशोबाने बांधल्यात, हे मात्र आमच्याकडे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

दलालाला सोमवारी नाही म्हणून कळवलं. मला नाही म्हणता आलं, कारण मला थांबायला भाड्याचं का होईना घर आहे. तो फ्लॅट दुसरं कुणीतरी घेईल, ज्याला थांबणं परवडत नाही.

असो. शोध आता बदलापूरलाच चालू आहे. पुढच्या जनगणनेत इथे आणखी दोन माणसं धरा. फक्त या वेळी भावाच्या आधी स्ट्रक्चरल रिपोर्ट विचारतोय.