भिंतीवरचा फोटो

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर आजाचा फोटो दिसतो. डोक्याला फेटा, कपाळाला बुक्का, अंगात पांढरा सदरा आणि डोळे सताड उघडे. येणारे पाहुणे म्हणतात, बुढ्याची नजर मोठी करारी होती. मी काही बोलत नाही. ते डोळे आजाचे नाहीत. फोटोवाल्यानं ब्रशनं काढलेले आहेत.

फोटो १९६८ चा. मी तेव्हा आठ वर्षांचा. आजा पहाटे गेला आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं की जन्मभरात त्याचा एकही फोटो काढलेला नाही. काका सायकल काढून स्टेशनाकडं गेला आणि फोटोवाल्याला घेऊन आला. तोवर बायामाणसांनी आजाला न्हाऊ घालून नवा सदरा घातला होता. शेजारच्या घरून हातांची खुर्ची आणली. तिच्यावर आजाला बसवलं, छातीवरून उपरणं घेऊन मागं गाठ मारली. मान काही केल्या ठरेना. मग खुर्चीमागं एक माणूस बसला, त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि त्याच्यावर पांढरं धोतर टाकलं. फोटोवाला काळ्या कापडात डोकं खुपसून म्हणाला, "हालू नका." कोणाला म्हणाला कोण जाणे. हालणारा तर गेला होता.

तेरवीच्या दिवशी फोटो काच लावून आला. डोळे उघडलेले, मागचं धोतर रंगवून त्याचा पडदा केलेला. आजीनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कोन होय गा?" कोणी उत्तर दिलं नाही. पण तीच आजी पुढं बारा वर्षं रोज सकाळी त्या फोटोला हात जोडायची. शेवटी शेवटी तर म्हणायची, तुझ्या आजाची नजर अशीच होती. खरे डोळे पाहिलेली ती एकटीच घरात होती, आणि तिलाही मग रंगवलेलेच आठवू लागले. याचं मला अजून नवल वाटतं.

असा फोटो आमच्याच घरी होता असं नाही. माझ्या वयाच्या माणसांना विचारा, प्रत्येकाच्या ओळखीत एखादं तरी घर निघेल. कॅमेरा जगात आला १८३९ साली, पॅरिसात. पुढच्याच वर्षी तो आपल्या देशात पोचला. १८५४ ला मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी यांच्यासारखे मराठी लोक त्या काळी कॅमेरा चालवत होते. भुसावळकडून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ ला. वर्ध्याला लागून सिंदी मेघे आहे, म्हणून आमच्या सिंदीच्या नावामागं कंसात 'रेल्वे' लागलं. गावाला जणू रेल्वे हे आडनावच पडलं. त्या गाडीनं कापूस बाहेर नेला, कापड आणि घासलेट आत आणलं. फोटोवालाही तिच्यातूनच उतरला असणार, पण तो जायचा मालगुजाराच्या वाड्यात, जिनिंगवाल्या शेटाच्या बैठकीत. कास्तकाराच्या दारी त्याला कोण बोलावणार? कास्तकाराला फोटोची गरज एकदाच पडायची, आणि तेव्हा कास्तकार नसायचा.

जुनी माणसं म्हणायची, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. तिघांचा काढला की मधला जातो. आम्ही शाळेत शिकलेली पोरं हसायचो. आता वाटतं, त्यांचं पाहणं चूक नव्हतं, फक्त उलटं लागलं होतं. फोटोवाला गल्लीत दिसला की कोणाच्या तरी घरी रडणं असायचंच. तो मौतीमागून यायचा, लोकांना वाटलं मौत त्याच्यामागून येते.

पुढं फोटो जरा खाली उतरला. स्टेशनरोडला स्टुडिओ होता, त्यात पडद्यावर तळं आणि राजवाडा रंगवलेला. नवीन जोडपी त्या राजवाड्यासमोर उभी राहायची आणि तिथून थेट निंदणाला जायची. फोटोवाला काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे खड्डे, देवीचे वण भरून काढायचा. माझ्या एका मित्राच्या मामानं आगफा क्लिक-थ्री कॅमेरा आणला होता. एका रोलात बारा फोटो. बारा संपायला वर्ष लागायचं, म्हणून एकाच रोलात बारसंही असायचं आणि तिरडीही असायची.

या सगळ्या काळात आमच्याच जिल्ह्यात एक असं खेडं होतं की त्याच्याइतके फोटो देशात दुसऱ्या खेड्याचे निघाले नसतील. गांधीजी १९३६ ला शेगावात राहायला आले. १९४० ला त्याचं नाव सेवाग्राम झालं. तिथं त्यांच्या नात्यातला कनू गांधी नावाचा तरुण होता. त्याला फोटोचा नाद. घनश्यामदास बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले, आणि बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश मारायचा नाही, मला असं बसा तसं उभे राहा म्हणायचं नाही, आणि आश्रम पैसा देणार नाही. म्हणून कनूच्या फोटोतले गांधीजी फोटोसाठी बसलेले नाहीत. कोणी त्यांचे पाय चोळतंय, ते वजनकाट्यावर उभे आहेत, लिहीत आहेत, चालत आहेत.

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसात कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या, डोकं बापूंच्या मांडीवर. कनू तिथं होता. बापूंनी त्या वेळचा फोटो काढू दिला नाही. आयुष्यभर काढू दिला, तेवढा नाही. आणि ३० जानेवारी १९४८ ला बापू गेले तेव्हा कनू नोआखालीत होता. त्या दिवशी दुपारी त्यांचा फोटो काढला तो फ्रान्सहून आलेल्या कार्तिए-ब्रेसाँनं, आणि मग अंत्ययात्राही त्यानंच टिपली.

हे मी वाचलं तेव्हा मला आमची ती हातांची खुर्ची आठवली. तिथं जितेपणीचे इतके फोटो होते की मरणाचा एक नको म्हणता आला. आमच्याकडं मरणाचाच तेवढा मिळण्यासारखा होता, त्याला कोण नाही म्हणणार? काकाला मी कधी दोष दिला नाही.

आता मायचं सांगतो. निवडणूक आयोगानं १९९३ साली फोटोच्या ओळखपत्राचा हुकूम काढला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडं कार्डं आली. हा हुकूम मतदानासाठी होता हे खरंच, पण खेड्यातल्या बायांच्या बाबतीत मी त्याला मोठी घटना समजतो. ज्या बाईकडं लग्नानंतर कोणी कॅमेरा धरला नव्हता, तिला रांगेत उभं करून, नाव विचारून, एकटीचा फोटो काढला गेला. माय नवं लुगडं नेसून गेली होती. नंबर आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या, चेहरा दिसला पाहिजे. भर लोकांत सासरच्या गावी पदर मागं घेण्याची तिची ती पहिलीच वेळ. कार्डावर ती कशी दिसते? सरपंचानं बोलावून घेतलेल्या बाईसारखी दिसते. ओठ मिटलेले, भुवया वर.

माय २००३ ला गेली. घरात शोधाशोध केली तर तिचा एकटीचा फोटो तो कार्डावरचाच निघाला. मग तोच मोठा करून आणला, चंदनाचा हार घातला, आजाच्या बाजूला लावला. त्या फोटोत दोष कोणाचा नव्हता. तो ओळख पटवायला काढलेला होता, आठवण ठेवायला नाही. पण माझी माय गल्लीच्या या टोकाला हसली की त्या टोकाला ऐकू जायची. भिंतीवर मात्र घाबरलेली बाई लटकली.

अशी किती घरं असतील. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, आमच्याच जिल्ह्यातल्या वायफडला गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज झालं. आत्महत्या केलेल्या कास्तकारांच्या घरी त्या काळात पेपरवाले यायचे. सगळ्या पेपरांत एकसारखा फोटो यायचा, बाई दारात बसलेली आणि मांडीवर धन्याची फ्रेम. शेजारच्या गावातल्या अशा एका घरी मी दुसऱ्याच दिवशी बसायला गेलो होतो. त्यांच्याकडं फ्रेम नव्हती. भाचीच्या लग्नातल्या घोळक्यातून त्याचा चेहरा कापून मोठा करून आणला होता. खांद्यावर कोणाचा तरी हात राहून गेला होता, मनगटापर्यंतच. फोटोत तो हसत होता, लग्नच होतं ते. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, हे हासून राहिले अन् मले म्हनतात यायले धरून बस." पुढं बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. कापसाला काय भाव लागला ते आम्ही बोललो.

आता फोटोला तोटा नाही. फ्लेक्सच्या दुकानात एकाच मशीनमधून वाढदिवसाच्या शुभेच्छा निघतात आणि भावपूर्ण श्रद्धांजलीही निघते. पुष्कळदा फोटो तोच असतो, फक्त रंग काढून घेतात. मोबाईलमध्ये मेलेल्या माणसाला पापण्या हलवायला लावता येतात. नातवानं एकदा आजाच्या फोटोवर ते करून दाखवलं. फोटोवाल्यानं काढलेले डोळे मिटले, उघडले. मी म्हटलं, बंद कर बाबू.

पण त्याच्याच हातून एक चांगलं काम झालं. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा नामांकित आहे, त्याची शंभरी केव्हाच उलटली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी घेऊन पोरं निघतात. कुठं हातभर, कुठं माणसाहून उंच, चाकावर ओढायचे. वर्षातून एकदा सगळं गाव फोटोत सापडायचं ते त्या दिवशी. नातवाला जुने फोटो मोबाईलमध्ये घ्यायचे होते म्हणून त्यानं पेटी उघडली. त्यात त्याच्या बापाचा १९९० चा फोटो निघाला, तान्ह्या पोळ्याचा. पोरगा टोपी घालून नंदीचा कासरा धरून उभा. मी तो शंभर वेळा पाहिला असेल, पण पोरगाच पाहत आलो. नातवानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाला, "आबाजी, हे मागं कोन होय?"

मागं, गल्लीच्या कडेला, घराच्या ओट्यावर माय उभी होती. डाव्या हातात ताट, बोजारा मागायला येणाऱ्या पोरांसाठी. कॅमेऱ्याकडं तिचं लक्ष नव्हतं. बाजूला बहुतेक कोणी काही बोललं असावं. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, उजवा हात तोंडावर येता येता अर्ध्यात राहिलेला. सगळं पुसट. नाक कुठं, डोळा कुठं ते धड लागत नाही. पण ती हसत होती.

मी तो फोटो घेऊन दुकानात गेलो. पोरगं हुशार होतं. कॉम्प्युटरवर मोठा करून म्हणालं, काकाजी, हा चेहरा फाटून राहिला, पण मी नवा बसवून देतो, डोळे एकदम साफ करतो. मी म्हटलं, डोळे करू नको. मग म्हणालं, बरं, या बाईला पुढं घेऊ का, लेकराला कापून? मी म्हटलं, राहू दे तिथंच. आहे तसा पूर्णच मोठा कर.

तो आता आमच्या भिंतीवर आहे. घरची म्हणाली, याला हार कसा घालायचा, यात तर आपला पोरगा आहे, जिता. म्हणून हार कार्डावरच्या फोटोलाच राहिला.