पंचांविरुद्ध दाद

28 एप्रिल 2013 रोजी नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर आयपीएलचा पहिला सामना झाला. दिल्ली डेअरडेव्हिल्ससमोर पुणे वॉरियर्स होते. त्या दिवशी पंचांनी पायचीत म्हणून बोट वर केले की फलंदाजाने मुकाट्याने तंबूची वाट धरायची, कारण आयपीएलमध्ये डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची पद्धत, आली ती थेट 2018 मध्ये. 21 जानेवारी 2023 ला त्याच मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. भारतासमोर न्यूझीलंड 108 धावांत गारद झाले. आता मात्र फलंदाजाला आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला हातांनी टी ची खूण करून तिसऱ्या पंचांकडे जाता येत होते. या दोन सामन्यांमधल्या काळात भारतीय प्रेक्षकाचे पंचांशी असलेले नाते बदलले, आणि माझ्या मते ते सुधारले. प्रेक्षकाला अचूक निर्णय हवा असतोच, पण त्याहून जास्त हवी असते ती दाद मागायची सोय आणि निर्णयामागचे कारण.

ही गोष्ट मराठी माणसाला एकाच फलंदाजाच्या दोन डावांतून सांगता येते. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बन कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावबाद झाला. टीव्हीवर पाहून तिसऱ्या पंचांनी बाद दिलेला तो कसोटीतला पहिला फलंदाज. तिथे दाद मागणारा मैदानावरचा पंच होता, खेळाडूला काही अधिकार नव्हता. 2011 च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर इयन गूल्ड यांनी त्याला पायचीत दिले. सचिन पलीकडच्या गंभीरशी दोन शब्द बोलला आणि त्याने रिव्ह्यू घेतला. चेंडू लेग स्टंप सोडून जाताना दिसला. 23 वर वाचलेल्या सचिनने त्या दिवशी 85 केल्या. यंत्राने आधी बाद ठरवलेल्या फलंदाजाला यंत्रानेच वाचवले, पण खरा फरक असा की दुसऱ्या वेळी विचारणारा तो स्वतः होता.

तरीही द्विपक्षीय मालिकांत भारताने ही पद्धत वर्षानुवर्षे नाकारली. जानेवारी 2008 मध्ये सिडनी कसोटीत पंचांच्या चुकांनी देश पेटून उठला होता. ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स 30 वर झेलबाद असूनही खेळत राहिला आणि नाबाद 162 करून गेला. त्याच वर्षी जुलैत श्रीलंकेत रिव्ह्यूची पहिली चाचणी झाली. त्या मालिकेत श्रीलंकेचे अकरा रिव्ह्यू यशस्वी ठरले, भारताचा फक्त एक. या आकड्यांनी मने कलुषित झाली. पण आक्षेप पोकळ नव्हता: चेंडूचा पुढचा मार्ग हा शेवटी अंदाजच. अधिक वेगवान कॅमेरे आणि सुधारलेले नियम आले, तेव्हा नोव्हेंबर 2016 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या राजकोट कसोटीपासून भारत तयार झाला. त्या वेळी प्रशिक्षक होते अनिल कुंबळे, म्हणजे 2008 च्या त्या मालिकेतले कर्णधार.

सर्वांत मोठी तक्रार आजही अंपायर्स कॉलची आहे. चेंडू यष्टीला घासताना दिसतो, तरी निम्म्याहून कमी चेंडू लागत असेल तर नाबादचा निर्णय कायम राहतो. लागतोय तर बाद का नाही, असे गॅलरी विचारते. प्रश्न रास्त आहे, पण जिथे यंत्रालाच खात्री नाही तिथे समोर उभ्या माणसाचे मत राखणे हेच प्रामाणिक. दुसरी तक्रार वेळेची. ती मला तितकीशी पटत नाही. रिव्ह्यू मोजकेच मिळतात आणि ठरवायला पंधरा सेकंद, म्हणून कर्णधार सहसा उगाच हात वर करत नाही. बेसबॉलशी तुलना करून पाहा. तिथे जून 2010 ला गलारागा या गोलंदाजाचा निर्दोष सामना, म्हणजे एकाही फलंदाजाला तळावर पोहोचू न देणारा सामना, शेवटच्या एका चुकीच्या निर्णयाने हुकला. पंच जिम जॉइस यांनी चूक कबूल केली, पण निकाल बदलला नाही. 2014 पासून तिथे प्रशिक्षकांना आव्हान देता येते, आणि आव्हान देण्याआधी संघातली माणसे त्यांच्यासाठी व्हिडिओ तपासतात. क्रिकेटने हे जाणून टाळले. 2017 मध्ये बंगळूरला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथने रिव्ह्यू घ्यावा का म्हणून ड्रेसिंग रूमकडे पाहिले, तेव्हा पंचांनी त्याला अडवले. चुकीचा रिव्ह्यू गेला की दोष खेळाडूवरही येतो. पूर्वी सगळा राग एकट्या पंचाच्या वाट्याला यायचा.

माझी नाराजी वेगळ्या ठिकाणी आहे. रायपूर ज्या राज्यात आहे त्या छत्तीसगडला 2016 मध्ये बीसीसीआयचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि 2016-17 च्या मोसमात संघ रणजीत उतरला. रणजीत रिव्ह्यू प्रथम आला तो 2019-20 च्या उपांत्य फेरीपासून, तोही चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या यंत्राविना. रणजीच्या साखळी सामन्यात चुकीचे बोट वर गेले तर रायपूर-भिलाईच्या मुलाची अख्खी संधी जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय खेळाडूला पुढचा सामना बहुधा मिळतो, याला मिळेलच असे नाही. खर्चाचे कारण खरे आहे. पण बॅटची कड लागली का, चेंडू लेग स्टंपबाहेर पडला का, एवढे तपासायला साधे कॅमेरे पुरतात, आणि तेवढी तरी सोय साखळीच्या प्रत्येक सामन्यात हवी.